साडेपाच लाख अक्षरांची ओळ

या पावणं, जरा जवळ सरका. टाळ ठेवा खाली. एका ओळीची गोष्ट सांगतो. ओळ एकच, पण साडेपाच लाख अक्षरांची.

साल दोन हजार चार. डिंगोऱ्याच्या सावळेरामबुवांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. मागं राहिल्या त्यांच्या सात कीर्तनांच्या कॅसेट. सप्त्यात काल्याच्या दिवशी त्या कीर्तनांचं पुस्तक बुवांच्या हातात द्यायचं, असं आम्ही टाळकऱ्यांनी ठरवलं. वारूळवाडीची हर्षाली नारायणगावात सुदर्शनच्या डीटीपीच्या दुकानात टायपिंग करायची. कानाला हेडफोन लावून तिनं तीन महिने कीर्तनं उतरवली.

पहिल्या कॅसेटला काही अडलं नाही. सातवीला मात्र अक्षर दाबावं, चहा पिऊन यावं, तेव्हा ते पडद्यावर दिसायचं. टायपिंग कसंबसं संपलं, चुका दुरुस्त करायच्या राहिल्या. छापखान्याला फाईल गुरुवारी हवी होती आणि तो सोमवार.

मी दुकानातच होतो. सुदर्शननं फाईल बघून कपाळाला हात लावला. "अगं, एंटर एकदाबी दाबला न्हाईस? सात कीर्तनांची एकच ओळ?"

"कीर्तन सुरू झालं की आरतीपतोर मधी उठायचं न्हाई, बुवांचा दंडक हाय," हर्षाली म्हणाली. "मग मी मधी तोडू कशी?"

"लई भक्ती झाली! ज्यात तू टाइप करतीस तो हा एडिटर ओळीच्या हिशेबानं चालतो, बाई. एक अक्षर घातलं की अख्खी ओळ पुन्हा मांडतो."

ओळ पडद्यात मावेल तशी दुमडून दाखवायची सोय त्यानं बंद केली. थोडा फरक पडला, फार नाही. मग त्यानं फाईलची नक्कल काढून ठेवली. "आता एडिटरमधी उघडायचीच न्हाई. छोटा प्रोग्रॅम लिवतो. तुकड्यातुकड्यानं वाचंल आन ओळी पाडंल. पण पाडू कुठं? पूर्णविरामबी न्हाई."

मी म्हणालो, "बुवा दम घेतात तिथं."

"कागदावर दम दिसतो व्हय, भाऊ?"

"ठकूबाई हाय की," हर्षाली हळूच म्हणाली.

ठकूबाई बुवांच्या शेजारची. टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन पुढं बसायची. या कॅसेट तिनंच भरलेल्या. बुवा थांबले की सगळ्यांच्या आधी तिचा आवाज यायचा, "विठ्ठल, विठ्ठल!" हर्षालीनं तो दर वेळी टाइप केला होता. "ही म्हातारी मधीमधी काय वरडती, काढून टाक," असं सुदर्शननं दोनदा टोकलं होतं. तिनं काढलं नव्हतं.

जोडीनं विठ्ठल आला की त्यापुढं नवी ओळ, एवढंच सुदर्शननं प्रोग्रॅमला सांगितलं. सव्वासहाशे ओळी पडल्या. त्यानं फाईल उघडून एक अक्षर दाबलं, ते लगेच उमटलं. "जितली राव म्हातारी," तो म्हणाला.

बुधवारपर्यंत आम्ही चुका दुरुस्त केल्या आणि गुरुवारी फाईल गेली.

काल्याच्या दिवशी बुवांनी पुस्तक उघडलं. पहिल्या ओळीवर बोट फिरवत ओठ हलवले आणि ओळीच्या शेवटाला थांबून वर पाहिलं, पुढच्या रांगेकडं. तिथं ठकूबाई नव्हती, ती आदल्या सालीच वारली होती. मग आम्हीच म्हटलं, विठ्ठल.

पुस्तक घरी न्या. वाचताना ओळ संपेल तिथं जरा थांबा, आणि आमच्या ठकूबाईची आठवण काढा.