धूळ न लागलेली चिप

मित्रांनो, जळगावातल्या एका प्रयोगशाळेच्या कपाटात मी पडून असते. आता जुनी झाले. दिसायला बोटाएवढी, पारदर्शक रबराची वडी. पण एके काळी माझ्यात माणसाच्या श्वासनलिकेच्या जिवंत पेशी नांदत होत्या.

मला इथे संशोधन करणाऱ्या साक्षीने घडवलं. साच्यात पातळ सिलिकॉन ओतून, ते तापवून घट्ट करून तिने माझ्यात दोन बारीक वाटा काढल्या. वरची हवेची, खालची पोषकद्रवाची, मध्ये सच्छिद्र पडदा. आधीच्या अकरा जणी गळक्या निघाल्या. बारावी मी, तेरावी माझी बहीण.

पेशी होत्या साक्षीच्या वडिलांच्या, आधारभाऊंच्या. धरणगावच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, त्यांनी तीस वर्षं कापूस उपसला. दम लागू लागला तेव्हा मुकादम म्हणाला, विड्यांनी झालं. भाऊंनी विडी कधी ओठाला लावली नव्हती. तपासणीत डॉक्टरांनी नळी घालून पेशी काढल्या, त्यातल्या थोड्या भाऊंनी सही करून लेकीच्या कामाला दिल्या.

महिन्याभराने आम्हा दोघींत वाढवलेल्या त्या पेशींचे केसांसारखे तंतू वाऱ्यावरच्या गव्हासारखे डुलू लागले. आता बहिणीत कापसाची धूळ सोडायची आणि माझ्यात नुसती स्वच्छ हवा, म्हणजे फरक कळेल. पण साक्षीचा हात धजेना. तिने वडिलांना बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकातून आम्हाला दाखवलं.

ते बराच वेळ पाहत राहिले. "हाई मनं शे?"

"तुमचंच, बाबा. धूळ टाकली तर मरेल."

"टाक, बेटा. तठे जिनिंगमा अजून कितला जण काम करतस."

दहा दिवसांत बहिणीचे तंतू थांबले, पडदा झिरपू लागला. तिचे फोटो काढायला गर्दी झाली. माझ्यापाशी कुणी थांबलं नाही. मला काही झालंच नव्हतं. मग तिला जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकून नेलं. उबदार पेटीत मी आणि पंपाची घरघर, एवढंच उरलं.

त्याच आठवड्यात आधारभाऊ गेले. साक्षी गावी गेली. प्रयोगशाळेतले योगराजनाना रोज येऊन माझं पोषकद्रव बदलत. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

नवव्या दिवशी साक्षी परतली. तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तंतू हलत होते.

"बाबा," ती म्हणाली.

प्रयोग संपला होता, मला बंद करायला हवं होतं. तिने केलं नाही. पेशी आपणहून थकेपर्यंत तीन आठवडे ती रोज येऊन बसत राहिली. बहिणीतल्या पेशी धुळीने मेल्या, तरी मुकादमाचं मत काही बदललं नाही. पण साक्षी आता दर शनिवारी धरणगावला जाऊन जिनिंगच्या कामगारांचा श्वास मोजते.

मित्रांनो, ज्याचं काही बिघडलेलं दिसत नाही, त्याच्याजवळही घडीभर थांबत जा. साक्षीच्या वडिलांचं जिवंत असं जे काही उरलं होतं, ते सगळं माझ्यात होतं, आणि कितीतरी दिवस योगराजनानांशिवाय तिकडे कुणी पाहिलंही नव्हतं.