टेबल आलं की लावू

मित्रांनो, मी जेवायचं टेबल नाही, अभ्यासाचं नाही आणि केक विकायचं तर अजिबातच नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण उत्तर जर्मनीतल्या आमच्या गावात हे कोणालाच माहीत नाही. मी वॉलपेपरला खळ लावायचं घडीचं टेबल आहे, आता बऱ्यापैकी जुनं झालेलं. अंगाने लांबलचक, पाठ पातळ फळीची, पाय काड्यांसारखे. दुमडलं की माझी चपटी पेटी होते आणि ती धरायला एक मूठ आहे. कागदाचा पट्टा माझ्यावर पालथा पसरायचा, ब्रशने खळ फासायची, पट्टा उचलून भिंतीला लावायचा, एवढंच माझं काम. कागदाचं असं किती वजन असणार? म्हणून मला हलकं बनवलं. कारखान्यात माझ्या पोटावर 'जड वस्तू ठेवू नये' अशी चिठ्ठीही चिकटवली होती. ती वाचणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

ओनोने मला विकत घेतलं तेव्हा त्याची बायको हायल्के पोटुशी होती. वरच्या मजल्यावरची छोटी खोली बाळासाठी तयार करायची होती. कागद हायल्केने निवडला होता, फिकट पिवळ्यावर निळ्या होड्यांचा. घरासमोरूनच कालवा वाहतो, तेव्हा होड्या शोभणारच. शनिवारी सकाळी मला उघडलं, बादलीत खळ कालवली आणि दुपारपर्यंत तीन भिंती झाल्या. खरं सांगतो, इतका सुखाचा दिवस मला पुन्हा दिसला नाही. चौथी भिंत तेवढी राहिली होती आणि दाराची घंटा वाजली.

दारात शेजारची गेशे उभी होती.

"ओनो, तुझ्याकडे लांब टेबल आहे म्हणे! आगीच्या बंबवाल्यांच्या जत्रेत केक मांडायला जागाच नाहीये. तासाभराचं काम आहे."

"अगं, मग घेऊन जा की!"

"आणि भिंत?" हायल्के जिन्यातून ओरडली.

"टेबल आलं की लावू," ओनो म्हणाला.

हा ओनो शाळेची बस चालवायचा आणि उरलेल्या वेळात सगळ्या गावाचा होता. गावच्या बंबावर तो, फुटबॉलच्या क्लबात तो, रक्तदानाच्या दिवशी पावांना लोणी लावायला तो. कोणी काही मागितलं की 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडातून निघतच नसे. माणूस वाईट नाही हो. पण अशा माणसाच्या घरचं टेबल होणं म्हणजे काय, ते मला विचारा.

तासाभरासाठी गेलेला मी परत आलो तो महिन्याने, पाठीवर आलुबुखारांच्या केकचा डाग घेऊन. तोवर लेकीचा, टोमाचा, जन्म झाला होता. आमच्याकडे बाळ बघायला येणाऱ्यांसाठी ब्रँडीत भिजवलेल्या मनुका लागतात. त्यांचं भलं मोठं भांडं कोणावर ठेवलं? माझ्यावर! चौथ्या भिंतीपुढे 'तेवढ्यापुरतं' कपाट सरकवलं आणि कागदाची उरलेली गुंडाळी त्या कपाटावर जाऊन बसली. पाहुण्यांनी होड्यांचं कौतुक केलं, मनुका खाल्ल्या आणि जाताना एकाने मलाही नेलं.

मग काय विचारता! सॉसेजच्या परातींनी माझी पाठ पोळली. पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या नव्या दप्तरांचे सोहळे झाले, जुन्या कपड्यांचे बाजार झाले. त्यात आमच्याकडे कोणाचं लग्न असलं, किंवा लग्नाला पंचवीस वर्षं झाली, की शेजाऱ्यांनी त्याच्या दाराला हिरवी कमान बांधायची आणि तिला कागदी गुलाब लावायचे असतात. ते गुलाब करायला सगळी आळी रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये जमते. चहा ओतला की कपातली खडीसाखर तडतडते, मग चहाची जागा दारूचे छोटे पेले घेतात, आणि गुलाब थोडे अन् गप्पा फार होतात. अशाच एका संध्याकाळी गेशेचा नवरा भाषण करायला चक्क माझ्यावर चढला. माझा पाय मोडला. त्याला दंताळ्याचा दांडा बांधला, तो आजही तसाच आहे.

कौतुकही झालं, नाही असं नाही. बंबवाल्यांच्या वार्षिक जेवणात प्रमुख म्हणाले, "ओनोचं टेबल म्हणजे गावाचा आधार!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्या हायल्केने वाजवल्या नाहीत.

पण माझा खरा संताप वेगळाच आहे. टोमा बोलायला लागली तशी विचारायची, "बाबा, माझी भिंत कधी?"

"टेबल आलं की, राणी."

"टेबल कुठे गेलंय?"

"क्लबात असेल बहुतेक."

मित्रांनो, मी क्लबात नव्हतो! अनेकदा मी अंगणातल्या खोपटात, सायकलींच्या मागे उभा असायचो. कोळी माझ्या पायांत जाळी विणत होते. हाक मारली असती तर मी चार पावलांवर होतो. आळस ओनोचा, भिडस्तपणा ओनोचा, आणि खापर मात्र माझ्या डोक्यावर. त्या पोरीला वाटायचं, सगळ्या गावात हिंडणारं हे टेबल फक्त तिच्यासाठीच घरी येत नाही. मला तोंड असतं तर मी खोपट डोक्यावर घेतलं असतं. पुढे पुढे तिने विचारणंच सोडलं. ओनोला वाटलं, विसरली.

टोमा मोठी झाली, ब्रेमेनला नर्स झाली, तिने लग्न केलं. नवरा जहाजावर असतो. म्हणून बाळ झाल्यावर पहिले काही महिने इथेच राहायचं ठरवून ती गेल्या आठवड्यात घरी आली, ती आठव्या महिन्याचं पोट घेऊन. आल्या आल्या तिने एकच सांगितलं, "चौथी भिंत झाल्याशिवाय पाळणा वर जाणार नाही."

शनिवारी तिने स्वतः मला खोपटातून ओढून काढलं. ओनो खळ कालवत होता, हायल्के मला उघडायला वाकली होती, आणि दाराची घंटा वाजली. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

"ओनो, टेबल हवंय," गेशे म्हणाली. "गुलाब करायचेत."

"कोणाची कमान आहे?"

"ते तुला सांगायचं नसतं."

"अरे, आपलीच आहे!" हायल्के करवादली. "या आळीत यंदा आणखी कोणाच्या लग्नाला पंचवीस होतायत? स्वतःच्या कमानीसाठी स्वतःचं टेबल देणार आहेस का आता?"

पण ओनोचा हात सवयीने माझ्या मुठीकडे गेलाच होता. त्याने मला उचललं. टोमाने माझं दुसरं टोक धरलं.

"बाबा, ठेव ते खाली."

"अगं, दोन दिवसांत येईल परत. टेबल आलं की..."

"ते आलंय बाबा. ते नेहमीच आलेलं असायचं. मला खोपटात दिसायचं."

ओनोचे कान लाल झाले. माझी मूठ सोडून तो गेशेला म्हणाला, "आज नाही जमणार, गेशे. वॉलपेपर लावायचाय."

"वॉलपेपर?" गेशेने मला आपादमस्तक न्याहाळलं. "या टेबलावर वॉलपेपर लावतात?"

मित्रांनो, यावर मी काय बोलू?

गेशे गेली. मला वरच्या खोलीत नेऊन मांडलं, मग ओनो आणि हायल्केने मिळून कपाट सरकवलं. मागच्या करड्या भिंतीवर खडूच्या निळ्या होड्या होत्या. वेड्यावाकड्या, पण ओळीने. कपाटामागे लहान मुलाचा हात जेवढा पोचेल तेवढ्या जागेत काढलेल्या, अगदी कागदावरच्यासारख्याच.

ओनो डोळे पुसत म्हणाला, "किती गोड आहेत गं! यावर कागद कसा लावायचा? राहू देत या अशाच."

पुन्हा?

"गोडबिड काही नाही," टोमा म्हणाली. "तू येत नव्हतास म्हणून मी त्या काढल्या. मला त्या नको होत्या, बाबा. मला तू यायला हवा होतास. लाव कागद."

हायल्केने पट्टा माझ्यावर पालथा अंथरला.

ओनोने ब्रश बुडवला. खळ माझ्या पाठीवर सांडत होती, पण मी हललो नाही. दंताळ्याच्या दांड्यासकट घट्ट उभा राहिलो. टोमाने खालचं टोक धरलं, ओनोने वरचं, आणि पहिला पट्टा भिंतीवर बसला; एकेक करत सगळी भिंत झाली. ऊन खाऊन बाकीच्या तीन भिंतींचा रंग उतरला होता, त्यामुळे नवी भिंत वेगळी उठून दिसत होती. टोमाने तिच्यावरून हात फिरवला. "आता कशी खोली झाली," ती म्हणाली, आणि बापाच्या खांद्यावर डोकं टेकून खूप रडली.

संध्याकाळी तिने ओल्या फडक्याने माझी पाठ पुसली. इतकी वर्षं मी सगळ्या गावाच्या उपयोगी पडलो, पण परत ठेवताना मला कोणी पुसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेशे मला घेऊन गेली. मी चिडलो नाही, म्हणजे फारसा नाही. सध्या मी तिच्या गॅरेजमध्ये ओनोच्या कमानीचे गुलाब सांभाळतोय.

तेव्हा मित्रांनो, गावाला टेबल द्या, जरूर द्या. परत ठेवताना मात्र पुसून ठेवा, त्याच्यावर चढून भाषणं करू नका. आणि घरातलं कोणी वाट बघत असेल तर टेबल घरी नाही असं त्याला सांगू नका. ते आम्हाला खोपटात ऐकू येतं.