निम्मे पाहुणे गेल्यावर

एका दगडात दोन पक्षी मारायला निघालेल्या माणसाने दगड वर गेल्यावर निदान जरा बाजूला तरी व्हावं. थोरली झाली नाही. आईची साठी घरीच साजरी करायची होती आणि ऑफिसातल्या नव्या सोयीची चाचणी एखाद्या खऱ्याखुऱ्या पार्टीत घ्यायची होती. तिने दोन्ही एकाच दुपारी उरकायचं ठरवलं.

सोय काय होती ते आधी नीट समजून घेऊ. थोरली फोटो वाटायचं ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत डिझायनर होती. कोणतं बटण कुठे असावं, ते दाबल्यावर काय व्हावं आणि काय होऊ नये, हे ठरवणं तिचं काम. पार्टीत माणसं फोटो काढतात, लगेच बघतात, मग 'माझे डोळे मिटलेत, पूस तो' असं सुरू होतं, आणि शेवटी उरतात ते ओळीत उभं राहून दात दाखवणारे फोटो. थोरलीला त्या दातांचा मनापासून कंटाळा आला होता. तिने अशी आखणी केली, की पार्टीत कुणीही काढलेला फोटो थेट एका बंद पेटीत पडावा. काढणाऱ्यालाही तो दिसू नये. निवडता येऊ नये, पुसता येऊ नये. आणि पार्टीच्या घरातून निम्मे पाहुणे बाहेर पडले, की त्यांच्या फोनवरून ते ओळखून पेटी आपोआप उघडावी आणि सगळे फोटो सगळ्यांना मिळावेत. वयस्कर माणसं ॲप काढून टाकतात, म्हणून फोटो साध्या मेसेजनेही त्या त्या नंबरावर जावेत, ही पुरवणीही तिचीच. "पळवाट ठेवली की माणूस पळतोच," असं ती बैठकीत म्हणाली होती आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

आता घरातली गोष्ट. धाकटी बहीण नवऱ्याच्या घरातून अंगावरच्या कपड्यांनिशी निघून आली होती. त्याने पिरगळलेला उजवा हात मनगटाशी मोडला होता आणि अजून प्लास्टरमध्ये होता. पोलिसांत तक्रार नोंदवली होती, बोलली होती ती थोरलीच; बघतो, असं उत्तर मिळालं होतं. नवरा आईच्या घरी येऊन कपाटामागेसुद्धा डोकावून गेला होता आणि जाताना थोरलीला हसत हसत म्हणाला होता, की सापडली की फरपटत नेईन. तेव्हा धाकटी थोरलीच्या एका मैत्रिणीकडे होती. तो जाऊन गेल्यावर आई आणि थोरलीने मिळून तिला आईकडेच आणलं. एकदा झडती झालेल्या घरात कोण पुन्हा शोधतो, हा हिशेब. नातेवाइकांना सांगितलं, नोकरीसाठी परगावी गेली आहे. ती आता कुठे आहे ते आई, थोरली आणि धाकटी, तिघींनाच ठाऊक.

वाढदिवसाला पाहुणे पुढच्या खोलीत आणि धाकटी स्वयंपाकघरामागच्या लहान खोलीत, आतून कडी लावून, असं ठरलं होतं. खरं तर कुणाला बोलवायलाच नको होतं. पण दरवर्षी घर भरतं, यंदाच रिकामं राहिलं तर चार तोंडं चार गोष्टी बोलतील, असं आईचं म्हणणं पडलं. शिवाय मामीला टाळणं म्हणजे मांजराला दुधापासून लांब ठेवण्यासारखं. ती न बोलावताही आली असती.

मामी वाईट नव्हती, हे इथेच सांगून ठेवायला हवं. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे एवढंच. मोडायला आलेले संसार जोडून देण्याची तिला भारी हौस. धाकटीचा नवरा तिला रोज फोन करून रडत असे आणि मामी रोज त्याची समजूत घालत असे. भांडणाचं कारण तिला त्याने सांगितलं होतं तेवढंच माहीत होतं: बायकोला नोकरीची हाव सुटली.

केक कापून झाला. साहेब, म्हणजे थोरलीचे वरिष्ठ, दुसरा तुकडा घेऊन खूश होते. ऑफिसातली सगळ्यात तरुण मुलगी, जिला सगळे हसरी म्हणत, ती फोन घेऊन घरभर बागडत होती. ती थोरलीच्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, आजचा सगळ्यात भारी फोटो माझा असणार. मी पाणी प्यायला आत गेले, तर तुमच्या आई सुरी शोधायची सोडून एका मुलीला कवटाळून उभ्या. दोघी रडत होत्या. मी दारातूनच टिपला, त्यांना कळलंही नाही. कोण हो ती? हाताला प्लास्टर आहे बिचारीच्या."

थोरलीने हातातला चहाचा कप खाली ठेवला. मावसबहीण, लाजते माणसांना, असं काहीतरी ती बोलली. हसरी पुढे गेली.

दोष द्यायचा तरी कुणाला? साठाव्या वाढदिवशी आपली लेक भिंतीपलीकडे कडी लावून बसली आहे, हे आईला सोसवलं नाही, एवढंच झालं होतं. ते क्षणभराचं न सोसणं आता त्या पेटीत जाऊन बसलं होतं. मागे स्वयंपाकघराची निळी फरशी, आईचं घर ओळखायला पुरेशी. निम्मे पाहुणे उठले, की मामीचा फोन वाजणार होता.

थोरली न्हाणीघरात शिरली, नळ सोडला आणि ऑफिसात बसून चाचणीवर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रामरला फोन लावला. कामाला चिकटला की तुटेल पण सुटणार नाही, म्हणून त्याला मुंगळा म्हणत. तिने विचारलं, एक फोटो काढून टाकता येईल का.

"कसा काढणार? दारच नाही ठेवलं आपण," मुंगळा म्हणाला. "तूच नको म्हणालीस."

मग अख्खी पेटीच नष्ट कर, ती म्हणाली. त्याने सांगितलं, की ते होईल, पण लोकांचे फोटो एकट्याने पुसायची कुणालाच मुभा नाही. साहेबांनी त्यांच्या फोनवरून होकार दिल्याशिवाय त्याचं बटण उजळतच नाही. हाही नियम थोरलीचाच.

एकच उपाय उरला. होकार मिळेपर्यंत पाहुणे घराबाहेर पडता कामा नयेत. दोघेचौघे आधीच निघून गेले होते आणि दोन गाड्या भरून आलेली मामीच्या शेजारची मंडळी चपला शोधत होती. थोरली त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि पुन्हा चहा टाकलाय म्हणाली. चहा टाकलेला नव्हता. तिने लहानपणीच्या खेळांची आठवण काढली, आईला गाणं म्हणायला लावलं. आईला गाणं येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. आईने एकदा लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता बेसूर का होईना, गायला सुरुवात केली. लोक हसले, बसले. एका काकांनी विचारलं, आज आम्हाला मुक्कामालाच ठेवता की काय. थोरली मोठ्याने हसली. ते हसू तिचं तिलाच ऐकवेना.

मामी मात्र पर्स काखोटीला मारून दाराशी घुटमळत होती. तिला त्या शेजाऱ्यांच्याच गाडीतून जायचं होतं आणि गाडीवाल्यांना घाई होती.

थोरलीने साहेबांना गाठलं. सर, चाचणी थांबवू या, एक फोटो चुकीचा गेलाय, एवढंच सांगितलं. साहेब हसायला लागले. चुकीचा फोटो हीच तर आपल्या मालाची खरी गोडी, हे तूच मला शिकवलंस, असं म्हणाले. उद्या हे वरच्या लोकांना दाखवायचंय, आज माघार घेतली तर तुझीच मेहनत पाण्यात जाईल, असंही म्हणाले. तिने पुन्हा विनवलं. त्यांनी प्रेमाने तिचा खांदा थोपटला आणि केकची बशी शोधू लागले.

खरं सांगितलं असतं तर? पण इतके दिवस दातांवर दात धरून सांभाळलेलं ते बाहेरच्या माणसाला सांगायचं, तेही केक खाता खाता. तिने आणखी एक खोटं कारण दिलं, मग आणखी एक. त्यात वेळ गेला. शेवटी साहेबांचा हात धरून ती त्यांना जिन्याखालच्या बोळात घेऊन गेली आणि एका दमात सगळं सांगितलं: मनगट, कपाटामागे डोकावणं, फरपटत नेईन म्हणणं, रोज रडणारा फोन आणि तो ऐकणारी मामी.

साहेबांच्या हातातली बशी कलली. ते एवढंच म्हणाले, "अगं, हे आधी नाही का सांगायचं?" आणि दुसऱ्या हाताने खिशातला फोन ओढून काढला. बोटाला लागलेल्या केकमुळे पडदा ऐकेना. त्यांनी बोट शर्टाला पुसलं आणि होकार दिला.

त्याच वेळी त्यांचा फोन थरथरला. मग तिचा. मग पुढच्या खोलीतून एकेक फोन वाजू लागला आणि लोक मोठमोठ्याने हसू लागले.

ती बोळात असताना दारावर पहारा द्यायला कुणी नव्हतं. मामीच्या शेजारची मंडळी निघाली होती. त्यांची पहिली गाडी भरून गेली, निम्मे पाहुणे बाहेर झाले आणि पेटी उघडली.

थोरली अनवाणीच फाटकाकडे धावली. मामी अजून दुसऱ्या गाडीत चढली नव्हती. गाडी वळवून आणीपर्यंत ती रस्त्याकडेला चष्मा लावून फोन डोळ्यांजवळ धरून उभी होती.

"मामी, तो फोटो कुणाला पाठवू नका."

"कुठला, धाकटीचा? पाठवला की," मामी म्हणाली. तिचे डोळे पाणावले होते. "अगं, ती इथेच आहे आणि मला सांगितलं नाहीत होय? त्याने लगेच फोन केला मला. निघालाय म्हणाला. जवळच आहे. बघ, आईच्या वाढदिवसाला सगळं कसं जुळून येतं."

तिने मामीच्या हातातला फोन घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि प्लास्टर मामीच्या चष्म्यासमोर धरलं.

"हे त्याने केलंय," ती म्हणाली. "आणि तो तिला फरपटत न्यायला येतोय."

मामीने फोटोकडे पाहिलं. गाडीवाल्याने हाक मारली तिकडे तिचं लक्ष गेलं नाही. ती काय म्हणते ते ऐकायला थोरली थांबली नाही.

धाकटीने कडी उघडली तेव्हा तिच्या पायात चपला होत्या. पुढच्या खोलीत एकाएकी सगळे फोन वाजले आणि मग आईचा आवाज बंद झाला, एवढ्यावरून तिने ओळखलं होतं. आई दारात उभी होती. तिने धाकटीच्या खांद्यावर आपली शाल टाकली आणि मागचं दार उघडलं. हसरीला साहेबांकडून सगळं कळलं होतं; ती भिंतीला टेकून रडत होती. तिला समजावायला कुणाला सवड नव्हती.

थोरलीच्या गाडीत धाकटी मागच्या सीटवर आडवी झाली, प्लास्टर पोटाशी धरून. घराच्या कोपऱ्यावरून वळताना थोरलीला समोरून येणारी एक ओळखीची गाडी दिसली आणि तिने मान फिरवली. मैत्रिणीचं घर त्याला माहीत झालं असेल का? साहेबांनी माझ्या घरी जा म्हटलं होतं, पण साहेब त्या फोटोंमध्ये होते, हसरीही होती, सगळेच होते. कुणाचंही दार आता बंद राहिलं नव्हतं. मुंगळ्याचा मेसेज आला: पेटी पुसली. पुसून काय उपयोग, फोटो प्रत्येकाच्या हातात पोहोचले होते.

मग आईचा फोन आला. ती कुजबुजत होती. तो फाटकाशी आलाय, म्हणाली. मामी गेलीच नाही; ती खुर्ची ओढून उंबऱ्यात बसली आहे आणि त्याला म्हणते आहे, आधी माझ्या अंगावरून जा. पाहुणेही तिच्यामागे उभे आहेत. आई पुढे काहीतरी म्हणत होती, तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी ओरडलं, आणि फोन बंद झाला.

थोरलीने परत लावला. कुणी उचलला नाही.

ती चौकात थांबली होती. दिवा हिरवा झाला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. परत फिरावं तर धाकटी गाडीत, पुढे जावं तर आई तिथे. तिचा हात गिअरवर होता आणि तो हलत नव्हता.

"ताई," मागून धाकटी म्हणाली, "आधी पोलीस चौकीवर चल. या वेळी मी बोलते."

थोरलीने गाडी डावीकडे घातली आणि एका हाताने पुन्हा आईचा नंबर लावला. फोन वाजत राहिला.