उकळत्या व्हॅनला शिरक्याचा उतारा

मी एक जुनी पांढरी व्हॅन आहे. वर्सोव्याच्या गावठाणात इसिडोर यांच्या दारात उभी असते. मित्रांनो, कारखान्यातून आले तेव्हा काय माझा तोरा होता! इसिडोर यांची लेक फ्लेविया बाप्तिस्म्याला गेली ती माझ्यातून, शाळेत गेली तीही माझ्यातून. लग्नालाही माझ्यातूनच जायचं, असं तिनं सातवीतच जाहीर करून टाकलं होतं. तेव्हापासून गल्लीतल्या इतर गाड्यांकडे मी जरा मान वर करूनच बघते.

पण उतारवयात मला तापायची खोड लागली. सिग्नलला थांबले की काटा वर, वाफ बाहेर आणि मागून हॉर्न! रेडिएटरमधलं पाणी कमी झालं, की इसिडोर मोठ्या प्रेमानं विहिरीचं पाणी ओतायचे. त्या विहिरीचा त्यांना भारी अभिमान. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत जाऊन तिथूनच 'उंबराचं पाणी' आणतात आणि नवरीला न्हाऊ घालतात. नवरीला चालतं ते गाडीला का चालणार नाही, असा त्यांचा हिशेब.

लग्न तोंडावर आलं आणि मी भर रस्त्यात उकळले. फ्लेवियाची आई, एमिलियाबाई, कडाडल्या, "भाड्याची गाडी सांगा आणि ही भंगारात द्या. लग्नाच्या दिवशी नवरी काय धक्का मारणार?"

मला रडूच कोसळलं. डोळे नाहीत, म्हणून खालून गळलं.

फ्लेविया ऐकतेय कुठली! सकाळी इंजिन गार असताना तिनं रेडिएटरचं झाकण उघडलं आणि खालची तोटी सोडली. चहासारखं तांबडं पाणी आलं, त्यात पांढरे पापुद्रे.

"पप्पा, बघ. खाऱ्या पाण्यानं नळ्या चोंदल्यात."

"आपली विहीर खारी? तुझे आजोबा प्यायचे ते पाणी!"

"मग चाखून बघ ना."

इसिडोर यांनी विहिरीच्या पाण्याचा घोट घेतला. तोंड वाकडं झालं, पण गिळला. विहिरीचा मान राखायला नको?

"मम्मा, बादलीवरचे पांढरे डाग तू कशानं काढतेस गं?"

"शिरक्यानं," एमिलियाबाई बोलून गेल्या आणि दचकल्या. "ए, नाही हां! ताडीचा आहे तो, लग्नाच्या विंदालूसाठी ठेवलाय!"

मग त्यांची नजर माझ्या मागच्या सीटवर गेली. "इथंच तुला मांडीवर घेऊन बसले होते," त्या म्हणाल्या आणि स्वतःच बरणी घेऊन आल्या.

शिरका, म्हणजे तुमचं व्हिनेगर, पाण्यात मिसळून ओतला, इंजिन थोडा वेळ चालवलं, मग दुपारपर्यंत मुरू दिलं. शेवटी नितळ पाणी येईपर्यंत मला नळाच्या पाण्यानं धुतलं आणि हिरवं कूलंट भरलं. दिवसभर मी लोणच्यासारखी घमघमत होते.

लग्नाच्या दिवशी पुढे बँड आणि मागे मी, मुंगीच्या पावलांनी. तापायला याहून चांगली संधी नाही! इसिडोर काट्यावरून नजर हलवत नव्हते. काटा मात्र मध्यावरून हलला नाही.

"पप्पा, काटा काय बघतोस? मला बघ ना."

त्यांनी आरशात पाहिलं. पांढऱ्या झग्यातली लेक हसत होती. चर्चच्या दारात त्यांनी मला थांबवलं, पण बराच वेळ त्यांना खाली उतरता येईना.

मित्रांनो, म्हातारं कुणीही असो, तापलं की लगेच झाकण उघडू नका. आधी गार होऊ द्या. मग प्रेमानं बघा, आत काय साचलंय ते.