बोरसीची जागा

त्या रविवारी बाबांनी सकाळीच दाढी केली, बूट चमकवले आणि अंगणातल्या खाटेवर बसून दोनदा चहा घेतला. दुसऱ्या वेळी आई म्हणाली की फौजेतून सुटल्यापासून यांचा चहा तेवढा वाढला. बाबा हसले. मी दाराशी वाचत बसले होते. माझ्याकडे बोट दाखवून ते आईला म्हणाले, "हिच्याभोवती आग लागली तरी ही पान संपवूनच उठन."

मी मान वर केली नाही. मनातून मी त्यांच्यावर रुसले होते, आणि ते त्यांना ठाऊक नव्हतं.

बाबा, म्हणजे हवालदार शेषराव, पलटणीतून निवृत्त होऊन भिलाईच्या कारखान्यात पहाऱ्यावर लागले तेव्हा भट्ट्यांचे नुसते पाये खणले जात होते. आता रात्री आभाळ लाल व्हायचं. आम्ही इतकी वर्षं एका गावात कधीच राहिलो नव्हतो. कामठी, जबलपूर, झाशी, अंबाला, पुन्हा कामठी. अंबाल्याच्या शाळेत माझी एक मैत्रीण होती. तिचा चेहरा मला अजून दिसतो, नाव आठवत नाही. भिलाईत मात्र मी शाळा संपवली आणि कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरातल्या प्राथमिक शाळेत शिकवायलाही लागले. पहिल्यांदाच मला एका रस्त्यावरची झाडं लहानाची मोठी होताना दिसत होती.

आणि आठवड्यापूर्वी कानावर आलं की ओडिशाकडे दुसरा कारखाना उभा राहतो आहे, बाबांच्या जुन्या पलटणीचे एक साहेब तिथं आहेत आणि त्यांनी बाबांना बोलावलं आहे. बाबा घरी काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

आमच्या घरात विचारायची पद्धतच नव्हती. घराबाहेर पडणाऱ्याला "कुठं?" म्हणून टोकू नये, काम फिसकटतं, हे सगळीकडेच मानतात. पण फौजी लाइनीत त्याला वेगळी धार होती. पलटण कुठं निघाली हे बायकांना सांगितलं जात नसे, आणि त्यांनी विचारणं बरं दिसत नसे. आईनं या दोन्हींचा मिळून एकच नियम केला होता. बाबा म्हणत "येतो", आई म्हणे "या", आणि आम्ही सामान बांधायला किंवा वाट पाहायला लागत असू. त्यामुळे घरात खिळासुद्धा ठोकलेला नव्हता. कपडे दोरीवर, देव ट्रंकेवर. शेजारच्या गिरजाबाई हसायच्या, म्हणायच्या, "सत्यभामा, लढाई संपली वं, आता तरी फोटू टांग."

बाबांनी सायकल काढली. सुटीच्या दिवशी इतकी तयारी म्हणजे दुर्ग स्टेशनावर त्या साहेबांच्या माणसाला भेटायला चालले असणार, असं मी धरून चालले. एक वाक्य ओठांशी आलं आणि नेहमीसारखं परत गेलं.

"येतो," बाबा म्हणाले.

"या," आई म्हणाली.

दुपारी आम्ही त्यांच्यासाठी थांबलो, मग जेवलो. आईनं त्यांचं ताट झाकून ठेवलं. मी केस धुतले आणि उन्हात वाळवत बसले. ऊन कलल्यावर गिरजाबाई कोथिंबीर मागायला आल्या आणि हवालदारसाहेब कुठं दिसत नाहीत म्हणाल्या. येतील, आई म्हणाली. पण गेले कुठं, हे विचारल्यावर आईनं नुसती मान हलवली. नवरा कुठं गेला हे माहीत नसलेली बाई आपण पहिल्यांदाच पाहिली, असं म्हणून गिरजाबाई हसत गेल्या. आईही हसली.

दिवे लागताना एक अनोळखी माणूस दाराशी आला. त्याच्या हातात बाबांची सायकल होती.

तो रामाजी. तुमसरकडचा, आमच्याच भागातला, दुर्गला रेल्वेत कामाला. खाटेवर बसायला तो तयार होईना. उभ्या उभ्याच त्यानं सांगितलं. बाबा त्याच्याबरोबर दुर्गजवळ बोरसीला गेले होते. तिथं घरापुरती एक जागा विकायची होती, ती पाहायला. ओडिशाच्या साहेबांना त्यांनी केव्हाच नकार कळवला होता. जागा त्यांना पसंत पडली. विहिरीचं पाणी पिऊन पाहिलं, दार कोणत्या अंगाला ठेवायचं ते ठरवलं. मग बाभळीखाली टेकले आणि छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं म्हणाले. रामाजीनं टांगा आणला. दुर्गच्या दवाखान्यात पोचण्याआधीच सगळं संपलं होतं. तेव्हा दुपारसुद्धा झाली नव्हती.

रामाजी रडत होता. "मले वाटलं घरी सांगून आले असतीन," तो म्हणाला. "कोनी ना कोनी धुंडत येईन म्हनून मी तिथंच बसून राहिलो. तुमचं घर मले माहीत नव्हतं, वहिनी. संध्याकाळ झाली तरी कोनी आलं नाही, तवा पुसत पुसत निघालो."

आई आत गेली आणि झाकलेलं ताट उचलून कुठं ठेवावं हे न समजून हातात धरून उभी राहिली.

निघताना रामाजी मला म्हणाला, "तुमचंच विचारत होते. पोरगी मास्तरीन हाये, तिले इथून शाळा लय दूर पडन का म्हने."

यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. शिवनाथ नदीच्या काठचा धूर आठवतो. पलटणीतले दोघे आले होते, ते ताठ उभे होते. आई मोठ्यानं रडली नाही. तिला त्याची सवय नव्हती, मलाही नव्हती. मी वाचलेल्या पुस्तकांत माणसं मरतात तेव्हा कोणीतरी काहीतरी बोलतं. आमच्या घरात फक्त भांड्यांचा आवाज होता.

तेरवीला गावाहून शालिकराममामा आले. ते मनानं चांगले. दोन बायकांनी परमुलखात एकटं राहू नये, क्वार्टर आज ना उद्या सोडावंच लागेल, गावी आपली दोन खोल्यांची जागा आहे, असं ते समजावून सांगत राहिले. आई ऐकत होती. शाळेच्या बड्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला सांगितलं होतं की अर्ज केला तर शिक्षिकांच्या क्वार्टरमधली एक खोली मिळेल, आईलाही ठेवता येईल. ते मी आईला अजून सांगितलं नव्हतं. मामांचं बोलणं संपलं तशी ती उठली, ट्रंक पुढं ओढली, आणि हुकूम आल्यासारखी घड्या घालू लागली. आधी बाबांचे सदरे.

मीही सवयीनं दुसरी ट्रंक उघडली. पुस्तकं तळाला लावायची, कोपरे कपड्यांनी भरायचे. हे माझे हात डोळे मिटून करू शकत होते.

"सोमवारच्या पॅसेंजरनं निघू," मामा म्हणाले. "शाळेत कळवून दे, रत्ना."

मी ट्रंकेतून हात काढले.

"मी नाही येत, मामा."

"कावून?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या मांडीवर अर्धवट घडी घातलेला सदरा होता. माझा आवाज मला दुसऱ्याचाच वाटत होता, पण थांबला नाही.

"मले इथंच राहाचं हाये," मी म्हणाले. "मले झाशीलेबी राहाचं होतं, अंबाल्यालेबी होतं. बाबाले कधी म्हटलं नाही मी. त्यायलेबी इथंच राहाचं होतं, अन् त्यायनं मले म्हटलं नाही. आई, खोली भेटते आपल्याले. तू नको जाऊ. मले कुठंच नाही जाचं आता."