रेघेवरची चूल

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी चूल आहे. न्यू मेक्सिकोच्या माळावर, एबेनेझर नावाच्या ओसाड गावात, छप्पर उडालेल्या एका खोलीत मी गंजत पडले आहे. मला उचलायला चार गडी लागतात, म्हणून तर अजून कुणी नेलं नाही.

माझा जन्म सेंट लुईसच्या ओतशाळेतला. १९०६ साली महाला आणि टेंपी या दोन विधवा बहिणींनी मला जुनी म्हणून विकत घेतलं. एबेनेझर वसवणारी सगळी माणसं काळी होती. दुसऱ्यांचा कापूस वेचण्यात त्यांची हयात गेली होती. या बहिणींची आई तर लहानपणी गुलामांच्या बाजारात विकली गेली होती.

इथे सरकार जमीन देत होतं. अट अशी, की ज्याची जमीन त्याने पाच वर्षं तिथेच राहायचं, तिथेच झोपायचं. बहिणींना शेजारशेजारच्या दोन जमिनी मिळाल्या, पण दोन घरांची ऐपत नव्हती. मग त्यांनी दोन्ही जमिनींच्या हद्दीवर एकच खोली बांधली आणि मधोमध भुईवर कोळशाची रेघ ओढली. पश्चिमेला महालाची खाट, पूर्वेला टेंपीची, रेघेवर मी. माझं तोंड मात्र पश्चिमेला होतं.

माळावर जळणाला झाड नव्हतं. बहिणी गुरांचं वाळलेलं शेण वेचून आणत, त्यावर मी पेटे. रविवारी चर्च सुटलं की माझ्यातल्या मक्याच्या पावावर अख्खं गाव तुटून पडे. शेजारचे ॲसबरीकाका म्हणत, "महालाबाई, मी मेलो की ही चूल माझ्या थडग्यावर ठेवा. वास तरी येत राहील!"

"आधी शेण वेचायला चला काका, मग खुशाल मरा," महाला म्हणे. मी फुगून जाई.

पाचव्या हिवाळ्यात टेंपीला न्यूमोनिया झाला. मुदत संपायला एकवीस दिवस उरले होते. बाहेर हिमवादळ होतं आणि माझी सगळी ऊब महालाच्या खाटेकडे जात होती.

"टेंपे, इकडे ये. माझ्या खाटेवर नीज."

"नको ताई. सरकारी तपासनीस आला तर म्हणेल, ही बहिणीच्या जमिनीवर झोपते."

"या वादळात कोण मरायला येतंय? दोन पावलं तर आहेत गं!"

"त्या दोन पावलांसाठीच पाच वर्षं काढली ना? आईला कुणी तेवढीही जागा दिली नाही."

महालाने मला फिरवायला खांदा लावला. तिचे हात पोळले, पण मी जागची हलले नाही. माझ्या वजनाचा मला केवढा तोरा होता! त्या दिवशी मला त्याची लाज वाटली. शेवटी महालाच रेघ ओलांडून गेली आणि बहिणीला कुशीत घेऊन बसून राहिली.

चौथ्या दिवशी टेंपी गेली. पूर्वेला, तिच्याच जमिनीत तिला पुरलं.

तपासनीस आला तो उन्हाळ्यात. रेघ पाहून त्याला हसू आलं. "बाई, खाट कुठे मांडली हे कोण बघतं?"

टेंपीची जमीन वारस म्हणून महालाच्या नावावर झाली.

पुढे पाऊस रुसला. विहिरी आटल्या, शाळा बंद पडली, एकेक घर उठून गेलं. महाला सर्वांत शेवटी गेली. जाण्याआधी सबंध दुपार ती पूर्वेच्या बाजूला बसून होती.

आता कधीमधी लोक येतात, फोटो काढतात, आठवण म्हणून काहीबाही उचलून नेतात. माझं दार असंच गेलं. मित्रांनो, तुम्हीही आलात तर माझं झाकण न्या, पाय न्या. फक्त माझ्यामागे, पूर्वेला, दगडांची एक लहानशी चौकट आहे. तिथला खडाही उचलू नका. तेवढ्या जागेची किंमत टेंपीने पुरी मोजली आहे.