एरमेकला कुठल्या गावात मोजायचं

शिरगणतीचं काम मी मुद्दाम मागून घेतलं. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. म्हटलं, गावात माणसं किती उरलीत ते आपणच मोजावं. परक्याने येऊन मोजलं तर त्याला नुसती घरं दिसायची.

मोजायला निघाले खरी, पण जीव कासावीस झाला. आमची गल्ली तळ्याला जाऊन भिडते. म्हणजे भिडायची. आता पाणी मागे हटलंय, धक्का कोरड्यात उभा आहे आणि त्याच्याखाली मेंढ्या चरतात. याच धक्क्याला मासळीच्या होड्या लागायच्या, कारखान्याचा भोंगा व्हायचा, की बायका हात पुसत पुसत मासळी डब्यांत भरायला धावायच्या. रशियन होते, युद्धात हाकलून आणलेले जर्मन होते. आमची शेजारीण फ्रीडा काकू जर्मन, पण शिव्या द्यायची त्या अस्सल किरगिझ! कारखाना बंद पडला आणि घरं रिकामी होऊ लागली. आधी ते लोक गेले, मागोमाग आमची पोरं मॉस्कोला. काय गाव होतं हो आमचं!

गल्लीच्या टोकाला अनारकुल आपाचं घर. आईला आणि आईच्या वयाच्या बाईला आम्ही आपाच म्हणतो. आपाने आधी मला बसवलं, चहात दूध घातलं, नानचा तुकडा मोडायला लावला आणि मग म्हणाली, "हं, लिही. मी आणि माझा एरमेक."

"आपा, एरमेक मॉस्कोत असतो ना? वर्षापेक्षा जास्त बाहेर असेल त्याला इथे मोजायचं नाही, असा नियम आहे."

"नियम गेला चुलीत! ते बघ." तिने भिंतीकडे बोट केलं. खिळ्याला एक वाळका नान टांगला होता, कडेला दातांचा चावा. परगावी निघालेल्या लेकराने एक घास तोडायचा आणि उरलेला नान तो परत येईपर्यंत जपायचा, हे आमच्याकडे घरोघरी चालतं. "त्याच्या वाटचं अन्न अजून या घरात आहे. मग तो या घरातला नाही कसा?"

"अगं, पण सरकार नानला माणूस धरत नाही."

"मोठी आली शहाणी! तळ्याचं पाणी ओसरलं म्हणून तू नकाशातून तळं पुसलंस का? मग माझ्या पोराला बरी पुसायला निघालीस!"

माझाही जीव या गावातच अडकलेला. एका नावाने गाव वाढलं तर कुणाच्या बापाचं काय जातंय, असं म्हणून मी नाव लिहून टाकलं.

"थांब, त्यालाच सांगते," म्हणत आपाने फोन लावला. "एरमेक, अरे रोझा मास्तरीण आलीय मोजायला. तुला घरात धरलंय हो!"

फोन स्पीकरवर होता, एरमेक मलाही ऐकू येत होता.

"आपा, नको धरूस. आमची मोजणी इथे झाली."

"आमची म्हणजे? तू एकटा ना रे?"

"चौघं आहोत. बायको आणि दोन पोरं. ती रशियन आहे, आपा. तुला सांगायची हिंमतच झाली नाही."

आता ही बाई आकाशपाताळ एक करणार, म्हणून मी फोन घ्यायला हात पुढे केला. तिने तो झिडकारला. डोळ्यांना धार लागली होती, आवाज मात्र खणखणीत.

"गाढवा! थोरला केवढा आहे?"

"शाळेत जातो."

"सात पूर्वजांची नावं येतात त्याला?" आमच्यात प्रत्येक पोराला ती तोंडपाठ असावीच लागतात.

"नाही, आपा."

"दे त्याच्याकडे फोन." मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "खोड त्याचं नाव, रोझा. पोरं जिथे निजतात तिथेच माणसाचं घर."

मी नाव खोडलं. फोनवर एक बारीक आवाज आला, मोडकंतोडकं किरगिझ बोलणारा.

"म्हण बाळा, माझा बाप एरमेक. एरमेकचा बाप सादिर. सादिरचा बाप बैशेन."

पोराने एकेक नाव म्हटलं. मग त्याने विचारलं, "आणि तू कोण?"

आपाने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने नाक पुसलं. "मी तुझी आजी रे, सोन्या," ती म्हणाली. "मलाही आत्ताच कळलं."